तांबडा भुसा

आराबामावशी जिना चढून वर आली, तेव्हा क्वामेना ओटू एका गालाला हात लावून खुर्चीत तिरका बसला होता. सरळ बसवतच नव्हतं. शनिवारी त्याच्या आजीचं मयत झालं आणि त्याच्या दोन खुणा तो अजून अंगावर बाळगून होता. आदल्या दिवशी खुर्च्या वाहून कंबर धरली होती आणि जेवताना हाड दाताखाली येऊन दाढेचा टवका उडाला होता.

पण तक्रारसुद्धा छाती फुगवून करायची, असा हा गडी. मान्साआजीसारखं मयत अक्राबोसी गावात पुन्हा होणे नाही, हे तो सकाळपासून मादाम एफुआ अमिसांना ऐकवत होता. मंडप रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बँड वेगळा. शवपेटी खास तांबड्या महोगनीची, सुतारानं आठवडाभर रंधा मारलेली. सगळं गाव जेवलं, जिल्ह्याचे साहेब गाडी घेऊन आले आणि जाताना डबे भरून घेऊन गेले. आणि हे सगळं केलं कुणी? एबोमामानं. क्वामेनाच्या आईचा भाऊ, घराण्याचा कर्ता, भरल्या समुद्रात होडी घालणारा माणूस.

मादाम एफुआंनी उभी हयात बंदरावर जकातीत काढली होती. लोकांच्या पेट्या उघडून बघायची खोड निवृत्तीनंतरही जाईना, म्हणून कापडाच्या दुकानावरची ही खोली घेऊन त्या खासगी तपासाची कामं करत. क्वामेना त्यांचा मदतनीस. पायाला जलद, डोक्याला जरा सावकाश.

"मीही होते की मयताला," मादाम म्हणाल्या. "टोमॅटोतला तांबडा जोलोफ भात झकास होता. दोनदा वाढून घेतला मी. साधा पांढरा भात तेवढा दिसला नाही."

"जोलोफ पुढ्यात असताना पांढऱ्या भाताकडे कोण बघतंय, मादाम?"

एवढं बोलणं होतंय तोवर दारात आराबामावशी उभी. अंगानं आडवी, आवाजानं खणखणीत बाई, पण आज पदर तोंडावर ओढून आली होती. मिशनच्या शाळेत सरकारकडून पोरांना दुपारचं जेवण फुकट मिळतं, ते रांधायचं काम तिचं. निम्म्या पोरांचं दिवसाचं पोटभर जेवण तेवढंच. तिच्या हातची खरवड मिळावी म्हणून पोरं पातेल्याभोवती मारामारी करत.

तिनं बसायलाही नकार दिला. उभ्या उभ्याच सांगितलं. सकाळी उघड्या पोत्यातला तांदूळ संपला म्हणून तिनं कोठीतलं पुढचं पोतं ओढलं. नेहमीसारखा जोर लावला आणि पोतं एवढं हलकं निघालं, की पोतं अंगावर घेऊन ती सगळ्या पोरांसमोर उताणी पडली. पोरं हसली. मग पोतं उसवलं, तर आत लाकडाचा भुसा. दुसऱ्यात भुसा. सगळ्यांत भुसा.

"कोठीला दोन किल्ल्या. एक माझ्याकडं, एक हेडमास्तरांकडं. ते म्हणाले, आराबा, तू चोर. पोरांच्या पुढ्यात म्हणाले. येताना रस्त्यानं पोरं माझ्यामागून ओरडत होती. माझ्याच हातचं खाल्लेली पोरं, बाई."

बुधवारी जिल्ह्याचे साहेब येणार होते. तोवर खरा चोर सापडला नाही तर आराबाचं काम जाणार आणि तिला पोलिसांच्या ताब्यात देणार. तिची मुलगी एकुआ त्याच शाळेत सहावीत. ती दुपारीच घरी पळून आली होती आणि भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"ती मला विचारतेय, आई, तू खरंच घेतलास का," आराबा म्हणाली आणि तिनं पदर पुन्हा तोंडावर ओढला.

क्वामेनाला फार वाईट वाटलं. त्यानं लगेच दात विसरून सांगून टाकलं, की मावशी, तू काळजी करू नकोस, ज्यानं पोरांच्या तोंडचा घास काढला त्याला मी स्वतः गावातून फिरवीन. हे वाक्य त्याला पुढं फार महागात पडायचं होतं.

शाळेची कोठी म्हणजे प्रार्थनाघराच्या मागची एक जुनी खोली. एका भिंतीशी पोती, दुसऱ्या भिंतीशी प्रार्थनाघराच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या छतापर्यंत गेलेल्या थप्प्या. मादाम आत शिरल्या त्या सरळ पोत्यांकडं न जाता दाराशीच थबकल्या. एका खुर्चीच्या पायाला काळ्या-तांबड्या फितीचा तुकडा अडकला होता. तो त्यांनी बोटानं चाचपला आणि सोडून दिला.

कुलूप शाबूत होतं, कडी शाबूत होती. पोत्यांवर भात व्यापारी एसिल्फीचा छाप होता, पण तोंडं हातानं शिवलेली होती, जाड निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं. आराबाकडं संपलेलं जुनं पोतं होतं, ते मादामनी मागवलं. त्याच्या तोंडाला मशीनची टीप होती, पांढऱ्या सुताची.

मग त्यांनी मूठभर भुसा उजेडात नेला. विटेच्या रंगाचा, बारीक, रंध्याच्या कुरळ्या सालींनी भरलेला.

"होड्यांचा कारखाना," क्वामेना म्हणाला. "गावात दुसरीकडं एवढा भुसा मिळणार कुठं?"

हेडमास्तर बैदू ताठ माणूस. आवाज असा, की तिसरीचा वर्ग पुढ्यात बसलाय. त्यांची हकीकत चोख होती. गुरुवारी स्वैपाक झाल्यावर आराबानं कोठीला कुलूप लावलं. शुक्रवारी शेतकरी दिनाची सुट्टी, पुढं शनिवार-रविवार. सोमवारी सकाळी आराबानंच कुलूप काढलं.

"तुमची किल्ली?" मादामनी विचारलं.

"माझ्या घरी, खुंटीला."

"कुणाला दिली होती?"

"कुणालाही नाही. मादाम, शाळेच्या किल्ल्या मी वाटत फिरत नाही. मधल्या दिवसांत कोठी उघडली गेलीच नाही."

मादामनी क्वामेनाकडं पाहिलं. "तुझं काय मत?"

"सर खरं सांगतायत," क्वामेना म्हणाला. "तीन दिवस शाळेकडं कुणी फिरकलंच नाही. मी गावातच होतो ना."

मादामनी मान डोलावली आणि आराबाला विचारलं. तीही तेच म्हणाली. मधे कुणी कोठी उघडली असेल असं तिला वाटत नव्हतं. हाती काहीच न लागल्यानं मादामना राग यायला हवा होता, पण त्या उलट खूश दिसल्या. क्वामेनाला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल.

मंगळवारी रिवाजानं समुद्रावर कुणी जात नाही. होड्या वाळूवर ओळीनं पडलेल्या आणि माणसं सावलीत जाळी विणत बसलेली. क्वामेनानं मादामना थेट होड्यांच्या कारखान्यावर नेलं आणि मोठ्या दिमाखात भुशाच्या ढिगाकडं बोट दाखवलं. ढीग पांढराफटक होता. होडीचं लाकूड तसंच असतं. मादामनी रुमालातला तांबडा भुसा त्याच्याशेजारी धरला आणि रुमाल पुन्हा बांधला. तिथल्या एका पोरानं विचारलं तर क्वामेनानं वाट चुकलो म्हणून सांगितलं.

मग एसिल्फी. त्याची भाताची गिरणी गावाबाहेर. मादामना बघताच तो हातवारे करायला लागला, की माझं पोतं, माझा छाप, म्हणून मला लटकवणार असाल तर लटकवा, पण मी तांदूळ दिला होता. मादामनी त्याला शांत केलं आणि पोत्यांची टीप कशानं घालतोस एवढंच विचारलं. मशीननं, पांढऱ्या सुतानं, तो म्हणाला. वाटलं तर गिरणीत येऊन बघा.

"हा तांदूळ आणखी कुणाला विकतोस?"

एसिल्फी ओशाळला. "खरं सांगू? कुणालाच नाही. सरकारचा नियम आहे, शाळेला इथल्या शेतातलाच तांदूळ द्यायचा, म्हणून शाळा घेते. गावातली माणसं मयत असो, बारसं असो, परदेशी पांढराशुभ्र सुवासिक तांदूळ आणतात. माझा तांदूळ तपकिरी. आणि गिरणीची खडे काढायची चाळण मोडलीय. आराबाबाई रोज सकाळी बसून निवडतात, तरी पोरं जेवताना खडे थुंकतात. लाज वाटते मला, पण चाळण कुठून आणू?"

परत येताना दोघं रस्त्याकडेला मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके आणि तळलेली मासळी घेऊन बसले. क्वामेना एका बाजूनं चावत होता आणि कुरकुरत होता. दात चांगला असता तर बोकडाचं मटण घेतलं असतं, म्हणाला. शनिवारीसुद्धा नशिबात नव्हतं. घरची माणसं सगळ्यांच्या शेवटी बसली, तोवर पातेल्यात तुकडा उरला नव्हता, नुसता जोलोफ आणि वर मिरचीची चटणी.

मादामचा हात तोंडाकडं जाता जाता थांबला.

"एकसुद्धा तुकडा नाही?"

"शपथ घेऊन सांगतो. मासळीसुद्धा नाही."

मादामनी घास खाली ठेवला. नंतर त्या जेवल्याच नाहीत. क्वामेनानं त्यांच्या वाटचं संपवलं.

संध्याकाळच्या आत त्यांना दोन कामं उरकायची होती. एक त्यांनी एकटीनंच केलं. सुतार जोजोकडं जाऊन आल्या. क्वामेनाला तेवढ्या वेळात दाढ दाखवून ये म्हणून पिटाळलं होतं. दुसरं काम एबोमामाकडचं. प्रार्थनाघराचा कारभारी म्हणून त्यानं उद्या शाळेत यावं, असं बोलावणं द्यायचं होतं.

एबोमामा आपल्या होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. मांडीवर निळ्या दोऱ्याचं रीळ. भाच्याला बघून त्याचा चेहरा उजळला. क्वामेनानं मयताच्या थाटाचं पुन्हा एकदा पुराण लावलं. मामा का कोण जाणे, मान वर न करता गाठी मारत राहिला.

"आराबाचं काय करतील?" त्यानं मधेच विचारलं.

"पोलीस घेऊन जातील," मादाम म्हणाल्या.

मामानं सुई जाळ्यात घातली, काढली, पुन्हा त्याच घरात घातली. "ती तसली बाई नाही," म्हणाला. "येतो उद्या."

बुधवारी शाळेच्या ओसरीवर सगळे जमले. जिल्ह्याचे साहेब, हेडमास्तर बैदू, एसिल्फी, एबोमामा. आराबा एका खांबाला टेकून खाली बसली होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. पटांगणात पोरं रिकाम्या ताटल्या घेऊन उगाच घुटमळत होती.

मादाम एफुआ उभ्या राहिल्या.

"आधी कोण नाही ते सांगते. आराबाबाई नाही. ज्याला पोतं हलकं आहे हे ठाऊक असतं, तो त्याला जोर लावून ओढत नाही. ही बाई सगळ्या शाळेसमोर उताणी पडली. पोरं हसली, पण ती का पडली याचा विचार कुणी केला नाही."

साहेबांनी घसा खाकरला. मादाम थांबल्या नाहीत.

"एसिल्फी नाही. त्याची पोती मशीननं शिवतात, पांढऱ्या सुतानं. ही हातानं शिवलीत, जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं. म्हणजे पोती कोळ्याच्या हातची."

"निम्मं गाव कोळी आहे," हेडमास्तर म्हणाले.

"म्हणून भुसा पाहू. होड्यांचा भुसा पांढरा. हा तांबडा. जोजो सुताराला मी विचारलं. या महिन्यात त्यानं तांबड्या महोगनीची एकच वस्तू केली, आणि तिचा भुसा ज्याची वस्तू त्यानंच मागून नेला. चुलीला हवा म्हणाला."

क्वामेनाला वाटलं, ही महोगनी आपण कुठंतरी ऐकलीय. मग आठवलं, की कुठं. त्याच्याच तोंडून, आजीच्या पेटीचं सांगताना.

"आता तांदूळ गेला कुठं," मादाम सांगत होत्या. त्या क्वामेनाकडं बघत नव्हत्या. "तपकिरी, खड्यांचा तांदूळ गावात कुणी घेत नाही. तो विकता येत नाही. खाऊ घालता येतो. पण पांढरा शिजवला तर पहिल्याच पानाला रंग कळेल. टोमॅटो आणि तेल घालून त्याचा जोलोफ केला, की रंग झाकला जातो. खडा मात्र झाकला जात नाही. शनिवारी एका माणसाची जेवताना दाढ मोडली. त्याला वाटलं, हाड. त्याच्या ताटात मटणच नव्हतं."

क्वामेनाचा हात आपोआप गालावर गेला. मग त्यानं तो पटकन खाली घेतला.

"आणि किल्ली?" हेडमास्तरांचा आवाज चढला. "मी कुणालाही दिली नाही."

"खोटं बोलत नाही आहात तुम्ही, सर. मी तीन माणसांना विचारलं, कोठी उघडली होती का. तिघंही नाही म्हणाले, आणि तिघंही मनापासून. गावात मयत असलं, की प्रार्थनाघराच्या खुर्च्या निघतात आणि मयत झालं, की परत येतात. त्यासाठी किल्ली दिली, तर ती आपण कुणाला दिली असं आपल्याला वाटतच नाही. मयताच्या कामाला कोण विचारतं, कोण मोजतं? शुक्रवारी भरदिवसा कोठी उघडली. गाडीत खुर्च्या चढल्या. मयताला खुर्च्यांना बांधतात ती काळी-तांबडी फीत अजून आत लोंबतेय."

 हेडमास्तरांची ताठ मान पहिल्यांदाच खाली गेली. त्यांनी आराबाकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं.

"एवढंच मला ठाऊक आहे," मादाम म्हणाल्या. "पुढचं ज्याचं त्यानं सांगावं. मी नाव घेणार नाही."

त्या बसल्या. क्वामेना एबोमामाकडं बघत राहिला. लहानपणी याच माणसानं त्याला पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं. मामा आपल्या तळव्यांकडं बघत होता आणि उठत नव्हता. क्वामेनाला वाटलं, आता उठेल. आता. पण पलीकडं खांबाशी आराबामावशी बसली होती आणि तिच्या डोळ्यांना डोळा देणं अशक्य होतं.

शेवटी क्वामेनाच उठला. कंबर दुखत होती.

"खुर्च्या मी वाहिल्या," तो म्हणाला. "शुक्रवारी. मी आणि चार पोरं. पहिली खेप भरल्यावर मामा म्हणाला, तुम्ही चालत पुढं व्हा, उरलेल्या मी मोजून आणतो. आणि रविवारी परत ठेवायलाही मीच आलो होतो. मावशी, तू आमच्याकडं आलीस तेव्हा मला हे आठवलंसुद्धा नाही. मी सांगितलं, कुणी फिरकलं नाही. तो तांदूळ आमच्या आजीच्या मयताला शिजला."

मग मामा उठला. मोठा धिप्पाड माणूस, पण गुडघ्यांवर हात टेकून.

"समुद्रानं यंदा काही दिलं नाही," तो म्हणाला. "आई दोन महिने शवागारात पडून. लोक रोज विचारत होते, कधी करतोस, कसं करतोस. पेटी घेतली, मंडप घेतला, बँड घेतला. तांदळाची वेळ आली तेव्हा हातात काही नव्हतं. मान्साच्या पोरानं गाव उपाशी परत पाठवलं, असं लोक म्हणाले असते. पोती तिथंच रिकामी केली, भुसा भरून शिवली. वाटलं, मयताला लोक देतात ते दुखवट्याचे पैसे जमले की सोमवारच्या आत तांदूळ जागच्या जागी ठेवतो. ते पैसे पेटीवाल्यानं आणि मंडपवाल्यानं दारातूनच नेले."

"आणि माझ्यावर आळ आला तेव्हा?" आराबा पहिल्यांदाच बोलली. "सोमवारी रस्त्यावर पोरं माझ्यामागं लागली, तेव्हा तुम्ही नाक्यावर होतात. मी पाहिलं तुम्हाला."

"होतो."

"मग?"

"तोंड उघडवेना, आराबा. लाज वाटली."

"लाज तुमची होती," ती म्हणाली. "ती माझ्या पोरीला कशाला दिलीत?"

  जिल्ह्याच्या साहेबांनी आवाज कडक केला आणि पोरांच्या अन्नावर हात टाकणं हा केवढा गुन्हा आहे ते सांगायला सुरुवात केली. मादामनी त्यांना मधेच थांबवलं.

"साहेब, मीही त्या पंगतीला होते. दोनदा वाढून घेतलं. सर, तुम्ही पुढच्या रांगेत होतात. आणि साहेब, तुमच्या गाडीत डबे चढताना मी पाहिले. पोलिसांना बोलवायचं तर जरूर बोलवा. फक्त जेवलेल्यांनी हळू आवाजात बोलावं, एवढंच."

साहेब आपल्या बुटांकडं बघत राहिले. त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही. आराबाचं काम तसंच राहील, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मामानं तांदूळ भरून दिला पाहिजे हेही. हेडमास्तर बैदू उठले, आराबासमोर गेले आणि काहीतरी पुटपुटले. मोठ्यानं बोला सर, चोर म्हणालात तेव्हा मोठ्यानं म्हणाला होतात, असं ती म्हणाली. मग ते मोठ्यानं बोलले. पोरांनी ऐकलं.

त्याच दिवशी उन्हं उतरताना एबोमामानं प्रार्थनाघराच्या कोपऱ्यावरचा लाउडस्पीकर लावून घेतला. शनिवारी कुणी किती दुखवटा दिला हे त्याच भोंग्यावरून सगळ्या गावाला ऐकवलं होतं. आता मामानं स्वतः माइक धरला. शनिवारचा भात शाळेच्या पोरांचा होता, आराबानं काही घेतलं नाही, मी घेतलं, असं तो म्हणाला. आवाज चिरकत होता म्हणून त्यानं ते पुन्हा सांगितलं. क्वामेना त्याच्याशेजारी उभा होता. ज्यानं हे केलं त्याला गावातून फिरवीन, असं तो म्हणाला होता. आता तोच मामाला हाताला धरून घरी घेऊन चालला, आणि दारादारात लोक उभे होते, पण कुणी ओरडलं नाही. जो तो शनिवारचं आपलं ताट आठवत होता.

गुरुवारी सकाळी लोक शाळेच्या मागच्या दारानं यायला लागले. कुणाकडं घमेल्यात तांदूळ, कुणाकडं कळशीत, कुणाकडं टॉवेलात बांधून. एकमेकांच्या तोंडाकडं कुणी बघत नव्हतं. साहेबांच्या गाडीतून ड्रायव्हर एक पोतं ठेवून गेला. मामानं होडीचं इंजिन विकून एसिल्फीकडून नवी पोती उचलली होती. तपकिरी, खड्यांची.

क्वामेना न सांगता आला आणि कोठीसमोर आराबामावशीच्या बाजूला परात घेऊन निवडायला बसला. तिनं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दोघं खाली माना घालून खडे वेचत राहिले. त्याला फार काहीतरी बोलायचं होतं, पण खड्यांकडं लक्ष द्यावं लागत होतं, आणि ते बरं होतं.

दुपारी पोरांची रांग लागली. शेवटी एकुआ होती. सगळ्यांच्या मागं, ताटली छातीशी धरून, पण आली होती. आराबानं तिला वाढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मग आणखी एक ताटली भरून क्वामेनासमोर ठेवली.

"मला नको, मावशी," तो म्हणाला. "पोरांचं आहे."

"उरलंय. सगळी जेवली." तिनं पातेल्याच्या मधोमध डाव घातला आणि त्याच्या ताटलीतला वरचा भात काढून दुसरा वाढला. "हा मऊ आहे. तुझा दात दुखतोय ना."

क्वामेनानं मान खाली घातली. पहिला घास त्यानं फार वेळ तोंडात धरला आणि मग गिळला.